जिवाणूला सातबारा कळत नाही

सकाळी शेततळ्यावर जावं आणि कडेला पाच-सात रोहू उताणे तरंगताना दिसावेत, हे मासे पाळणाऱ्याला नवं नाही. काठीला बांधलेल्या जाळीनं तो ते ओढून घेतो, हातात धरून बघतो. पोट टम्म फुगलेलं, खवले अंगापासून सुटून उभे राहिलेले, परांच्या मुळाशी रक्त साकळल्यासारखी लाली, एखाद्याच्या कुशीवर रुपयाएवढी उघडी जखम. बघून झालं की मासा बांधापलीकडच्या ओढ्यात भिरकावला जातो. मग खाद्याच्या दुकानात फोन. दुकानदार लक्षणं ऐकतो आणि एका पावडरीचं नाव सांगतो. किलोमागे इतके ग्रॅम, तेलाबरोबर खाद्याला चोळून, पाच दिवस. पाच दिवसांत मर थांबते किंवा थांबत नाही. थांबली तर औषधाचा गुण, नाही थांबली तर आपलं नशीब.

या एका सकाळीत दोन गोष्टी बांधाबाहेर गेल्या. मेलेला मासा ओढ्यात पडला. आणि खाद्यातून पाण्यात उतरलेलं औषध पुढच्या पावसात सांडव्यावाटे त्याच ओढ्याला मिळणार. दोन्हींची नोंद कुठेही झाली नाही. तळं सातबाऱ्यावर आहे, तळ्यासाठी काढलेलं कर्ज बँकेच्या वहीत आहे. ओढा मात्र कुणाच्याच नावावर नाही. माशांच्या जिवाणूजन्य रोगांकडे आपण औषधाचा प्रश्न म्हणून बघतो. माझ्या मते तो आधी हद्दीचा आणि हिशेबाचा प्रश्न आहे. पाळलेल्या माशाला मालक असतो, नदीतल्या माशाला नसतो, आणि हा फरक जिवाणूच्या गावीही नसतो.

मुळात रोगजंतू बाहेरून चाल करून येतो ही आपली कल्पनाच इथे फसते. गोड्या पाण्यातल्या आपल्या कटला-रोहूला ज्याचा सर्वाधिक त्रास होतो तो एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू जवळपास प्रत्येक तळ्यात, नदीत, अगदी धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. तो तिथे गुपचूप असतो. मग एखाद्या ढगाळ आठवड्यानंतर पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरतो, कारण दिवसा प्राणवायू देणारं हिरवं शेवाळ रात्री तोच ओढून घेतं. उरलेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया वाढलेला असतो. आदल्या दिवशी वजन बघायला जाळं ओढलेलं असतं आणि त्यात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेलेला असतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे माशाचं चिलखत. ते गेलं की कालचा शेजारी आज घरात शिरतो. स्टॅनिस्लास स्नीझ्को या मत्स्यरोगतज्ज्ञानं १९७४ मध्ये ही गोष्ट तीन वर्तुळं काढून मांडली. एक वर्तुळ माशाचं, एक जंतूचं, एक पाण्याचं. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथेच रोग. दुकानातली पावडर यातल्या एकाच वर्तुळाला हात लावते.

मग नदीत हेच जिवाणू असताना तिथे रोज साथ का येत नाही? येते, पण क्वचित, आणि आली तरी लवकर विझते. नदीत मासे विरळ असतात. शिवाय आजारी मासा सुस्तावतो, वर येतो, आणि पहिला बगळा त्याला उचलतो. जंतूंची पुढची खेप पाण्यात सांडण्याआधीच रोगी नाहीसा होतो. बगळा, पाणकावळा, पाणमांजर हे नदीचे बिनपगारी पशुवैद्य आहेत. शेततळ्यावर आपण बगळ्यासाठी जाळी टाकतो, कारण आपल्या दृष्टीनं तो चोर असतो. त्याला हाकलण्यात काही चूक नाही. पण त्याचं काम मग आपल्याला करावं लागतं, आणि ते आपण करत नाही.

तळ्यानं नदी बाटवली की नदीनं तळं, हा वाद युरोपात शंभर वर्षांहून जुना आहे. १८९४ मध्ये बव्हेरियातल्या एका ट्राउट-पैदास केंद्रातल्या माशांवरून एमेरिख आणि वायबेल या दोघांनी एका रोगाचं वर्णन केलं. माशाच्या अंगावर गळवासारखे फुगवटे येत, म्हणून त्याचं नाव पडलं फुरुंक्युलोसिस. त्याचा जिवाणू एरोमोनास साल्मोनिसिडा. पुढे तो ब्रिटनच्या नद्यांमध्ये सापडू लागला तेव्हा नदीवर गळ टाकणारे हौशी मासेमार पैदास केंद्रांकडे बोट दाखवू लागले, आणि केंद्रवाले नदीकडे. अमेरिकेहून आणलेल्या इंद्रधनुषी ट्राउटवरही संशय गेला, कारण तो हा जंतू अंगावर बाळगून फारसा आजारी पडत नाही. त्या वादातून चौकशी समिती नेमली गेली आणि अखेर १९३७ मध्ये ब्रिटननं माशांच्या रोगांसाठी स्वतंत्र कायदा केला. दुसऱ्या बाजूचाही दाखला द्यायला हवा. सामन माशाच्या मूत्रपिंडाचा एक जिवाणूजन्य रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९३० च्या सुमारास स्कॉटलंडच्या डी नदीतल्या मोकळ्या सामनमध्ये, कुठल्या तळ्यात नव्हे. म्हणजे नदी काही गंगाजळासारखी पवित्र नव्हती. जंतू कुणाकडून आला हा प्रश्न भांडणाला बरा आहे. तो वाढतो कुठे, हा प्रश्न कामाचा आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: जिथे गर्दी आहे तिथे.

फुरुंक्युलोसिसवर लस शोधण्याचं काम फार लवकर झालं होतं. कॅनडात डफ या संशोधकानं १९४२ मध्येच मारलेले जिवाणू खाद्यातून ट्राउटला चारून त्यांना संरक्षण मिळतं हे दाखवलं. पण त्याच दशकात सल्फा औषधं माशांच्या खाद्यात आली. चिमूटभर पावडर टाकली की मर थांबते म्हटल्यावर लसीची उस्तवार कोण करणार? १९५० चं दशक संपायच्या आत सल्फाला दाद न देणारे जिवाणू सापडू लागले. तरी उत्तर म्हणून पुढची औषधं आली, लस नाही. फुरुंक्युलोसिसवरची खरोखर उपयोगी लस बाजारात यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मधली पन्नास वर्षं विज्ञानाअभावी गेली असं म्हणता येत नाही. स्वस्त इलाज हाताशी असला की खबरदारी महाग वाटते. ही पन्नास वर्षं त्या समजुतीत गेली.

ही समजूत कशी मोडली ते नॉर्वेत बघायला मिळतं. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सामनच्या पिलांबरोबर फुरुंक्युलोसिस नॉर्वेच्या मध्य किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतांत उतरला. त्याआधी १९६४ मध्येही तो डेन्मार्कच्या ट्राउटबरोबर एकदा येऊन गेला होता. या वेळी मात्र किनारा पिंजऱ्यांनी भरलेला होता. १९९२ च्या अखेरीपर्यंत साडेपाचशेच्या आसपास मत्स्यशेतांत आणि सत्तरहून अधिक नद्यांत तो पोचला. पिंजऱ्यांतून निसटलेले मासे नद्यांमध्ये चढत होते आणि मोकळ्या सामनला प्रसाद वाटत होते. हा रोग आणि त्याच सुमाराचा थंड पाण्यातला व्हिब्रिओ नावाच्या जिवाणूचा रोग, या दोघांपुढे टेकीला येऊन १९८७ मध्ये नॉर्वेनं मत्स्यशेतीत ४८ टनांच्या घरात प्रतिजैविकं ओतली. त्या वेळी त्यांचं उत्पादन होतं जेमतेम पन्नास हजार टन. म्हणजे टनभर माशामागे जवळपास किलोभर औषध. आज तिथलं उत्पादन पंधरा लाख टनांच्या आसपास आहे आणि प्रतिजैविकं बहुतेक वर्षी एक टनही लागत नाहीत.

हा चमत्कार लसीचा म्हणून सांगितला जातो, आणि अर्धा तो खराही आहे. तळहाताएवढं सामनचं पिलू समुद्रात सोडण्याआधी गुंगीच्या पाण्यातून काढतात, टेबलावर उताणं धरतात आणि पोटाच्या मध्यरेषेवर, खालच्या परांच्या जरा पुढे सुई टोचतात. एक मिलिलिटरचा दहावा भाग, तेलात मिसळलेला. तेल अशासाठी, की लस पोटात हळूहळू झिरपत राहावी. पाण्यातल्या आधीच्या लसी फुरुंक्युलोसिसपुढे टिकल्या नव्हत्या. याची किंमत मासाही मोजतो, त्या तेलानं आतले अवयव एकमेकांना चिकटतात. हे एकेका माशाला करायचं, आणि मासे वर्षाला कोट्यवधी. काही ठिकाणी हातानं, काही ठिकाणी यंत्रानं. टेबलावरून घसरत पुढच्या पाण्यात पडलेला मासा दोन-चार मिनिटांत सावध होतो आणि पोहू लागतो.

उरलेला अर्धा भाग सुईत नव्हता. एका पिंजराक्षेत्रात एका वेळी एकाच वयाचे मासे. ती पिढी काढली की जागा काही काळ रिकामी ठेवायची, जशी जमीन पड ठेवतात. दोन शेतांमध्ये ठरलेलं अंतर. मेलेले मासे नेमानं काढायचे आणि त्यांची विल्हेवाट लावायची. मासे कापल्यावरचं रक्ताचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय समुद्रात सोडायचं नाही. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक नाही, आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद सरकारकडे. ४८ टन हा आकडा आज आपल्याला माहीत आहे तो यामुळेच. कुणीतरी तो मांडून ठेवला होता. लाज वाटायलाही आधी आकडा लागतो.

नॉर्वेचं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०२३ मध्ये समुद्रातल्या पिंजऱ्यांत सहा कोटींहून जास्त सामन मेले, साधारण सहामागे एक. थंडीत अंगावर जखमा करणारे जिवाणू आहेत, नव्यानं डोकं वर काढणारे आहेत. सामनच्या अंगावरच्या उवा खाण्यासाठी समुद्रातून पकडून आणलेले छोटे मासे पिंजऱ्यात सोडले गेले आणि तेही मोठ्या संख्येनं जिवाणूंना बळी पडले. पण या गोष्टी आपण नॉर्वेविरुद्ध म्हणून मांडू शकतो, त्या नॉर्वेनं दर वर्षी छापलेल्या अहवालांच्या जोरावर. आपल्याकडच्या तळ्यांत गेल्या वर्षी किती मासे कशानं मेले? या प्रश्नावर भांडण सुरू करायलाही आपल्यापाशी कागद नाही.

चिलीचं उदाहरण नॉर्वेला सरळ आरसा दाखवतं. तिथे सामन मुळात परकाच. माणसानं नेऊन सोडलेला. १९८९ मध्ये तिथल्या पिंजऱ्यांत एक नवा रोग उसळला, त्याच्या जिवाणूचं १९९२ मध्ये बारसं झालं: पिसिरिकेट्सिया साल्मोनिस. हा माशाच्या ज्या पेशींनी जंतू गिळून मारायचे त्याच पेशींत बिऱ्हाड करतो. त्यामुळे त्याच्यावरच्या लसी आल्या तरी त्यांचं संरक्षण तोकडं पडतं. २०१४ मध्ये चिलीनं सामनशेतीत ५६३ टन प्रतिजैविकं वापरली. चिली निष्काळजी आणि नॉर्वे शहाणा, इतकं सोपं हे नाही. एकाला शत्रू सुईनं आवरता येईल असा मिळाला, दुसऱ्याला तसा मिळाला नाही. म्हणूनच 'लस आली की सुटलो' हा आपल्याकडचा आशावाद मला धोक्याचा वाटतो. लस मिळेल की नाही हे जिवाणूच्या स्वभावावर आहे. गर्दी किती करायची हे आपल्यावर.

आणि औषधाचं काय होतं? इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. म्हणजे औषध घातलेलं खाद्य खातो तो निरोगी मासा, आणि ज्याला औषध हवं तो कोपऱ्यात उपाशी. न खाल्लेल्या गोळ्या तळाशी जातात. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं औषध माशाच्या आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, बरंचसं विष्ठेतून पाण्यात परत येतं. नॉर्वेत प्रतिजैविकांचा सुकाळ होता त्या काळात पिंजऱ्यांभोवती खाद्याच्या आशेनं घुटमळणाऱ्या मोकळ्या माशांच्या मांसात त्या औषधांचे अंश सापडले होते. ज्यांना रोग झाला नव्हता, ज्यांचा मालक नव्हता, त्यांनी न मागता औषध घेतलं. तळाच्या गाळात राहणारे हजारो प्रकारचे निरुपद्रवी जिवाणूही ते घेतात, आणि औषधाला तोंड देण्याची विद्या एकमेकांना वाटतात. शिजवलेला मासा खाऊन माशाचा रोग आपल्याला होईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. ही विद्या पुढे माणसाच्या जंतूंपर्यंत पोचेल ही भीती अनाठायी नाही.

आपल्या देशात या सगळ्याचा एक धडा १९८८ मध्येच मिळाला होता. बांगलादेशाकडून ईशान्य भारतात एक व्रणरोग शिरला आणि काही वर्षांत देशभरच्या तळ्यांत, नद्यांत, भातखाचरांत पसरला. मरळीसारखे चिवट मासे अंगावर खोल भगदाडं घेऊन तरंगू लागले. लोकांनी मासे खाणं सोडलं. विकणारे हवालदिल झाले. जखमेतून नमुना घेतला की एरोमोनास सापडे, म्हणून गुन्हेगार तोच असं अनेकांना वाटलं. खरा आरोपी पुढे नक्की झाला, आणि तो जिवाणू नव्हता. तो अफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव होता. एरोमोनास उघड्या जखमेवर नंतर येऊन बसला होता. ज्यांनी त्या काळात प्रतिजैविकं टाकली त्यांनी घरफोडी झाल्यावर आत आलेल्या बघ्याला मारलं. दुकानदार फोनवर लक्षणं ऐकून पावडर सांगतो तेव्हा आजही नेमकं हेच घडू शकतं. लाल जखम बाहेरून सारखीच दिसते.

तेव्हापासून काही झालंच नाही असं नाही. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. शेतकऱ्यानं फोनवरून रोग कळवावा म्हणून २०२३ मध्ये एक ॲपही आलं. वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था तर त्याही आधीपासून, १९६१ पासून आहे. पण कडक हिशेब आपण कुणासाठी ठेवतो ते बघावं. युरोपात जाणाऱ्या आपल्या कोळंबीच्या निम्म्या खेपा २०१६ पासून तिकडच्या बंदरांत औषधांच्या अंशांसाठी तपासल्या जातात, म्हणून इकडेही निर्यातीची कोळंबी प्रयोगशाळेतून पार पडूनच निघते. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या बाजारात बर्फावर पडलेल्या पंगसला, चिलापीला असं कुणी विचारत नाही. परदेशी ताटासाठी एक वही आहे, घरच्या ताटासाठी कोरं पान.

यावर मासे पाळणाऱ्याचा आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. 'मागेल त्याला शेततळे' म्हणत २०१६ पासून गावोगाव तळी झाली, त्यांत कुणी बोटुकली सोडली, चार पैसे जोडधंद्याचे मिळाले. तालुक्यात गुरांचा डॉक्टर मिळायची मारामार, माशांचा कुठून आणायचा? नमुना प्रयोगशाळेत पोचेस्तोवर तळं रिकामं होईल. मासे विरळ ठेवायचे तर खाद्याचा खर्च निघणार नाही. नॉर्वेतल्या धनाढ्य कंपन्यांचे नियम आमच्या दहा गुंठ्यांना कसे लावता?

लावू नयेत. पण एकट्याला न परवडणारी गोष्ट दहा जणांनी मिळून करणं आपल्या मातीला नवं नाही. पांझरा आणि मोसम नद्यांच्या खोऱ्यांत, धुळे-नाशिककडे, फड पद्धत शतकानुशतकं चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीनंच. जमीन ज्याची त्याची, पण कधी काय पेरायचं हे एकट्यानं ठरवायचं नाही. त्यावर नजर ठेवायला पाटकरी, जागल्या. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद राहतात, त्यात कुणा एकाची होडी सुटत नाही. चिलीनं २००७ च्या विषाणूच्या साथीनं उद्योग कोलमडल्यावर पिंजरेवाल्यांच्या अशाच आळ्या पाडल्या, 'बारिओ' म्हणतात त्यांना: एका आळीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी मासे काढायचे आणि एकाच वेळी पाणी मोकळं ठेवायचं. त्यानं औषध संपलं नाही. पण शेजाऱ्याचं तळं हे आपल्याही तब्येतीचा भाग आहे, हे कागदावर आलं.

आपल्या धरणांच्या जलाशयांत आज वेगवेगळ्या ठेकेदारांचे पिंजरे एकाच पाण्यात आहेत आणि त्याच पाण्यात गावचे भोई जाळं टाकतात. तिथे जलाशय हाच एक फड धरावा. बोटुकली कुठल्या केंद्रातून आली, कधी सोडली, किती मेली, कोणती पावडर किती वापरली, हे सगळ्यांचं एका वहीत. सगळे पिंजरे वर्षातून एकदा एकत्र रिकामे. पावडर दुकानातून मिळेल ती चिठ्ठीवरच. आणि या वहीत भोयांचं मत असावं, कारण ओढ्यातला, नदीतला मासा कसा दिसतोय हे फक्त त्यांनाच दिसतं. त्या माशाच्या वतीनं बोलणारा दुसरा कुणी नाही. ठेका देताना सरकार क्षेत्रफळ मोजतं, रक्कम मोजतं. ठेक्याच्या त्याच कागदावर मरीचा रकाना घालायला वेगळा कायदा लागणार नाही.

शेततळ्याच्या एकट्या मालकाला तर एवढंही नको. पन्नास पानांची वही आणि बांधापासून लांब, ओढ्याच्या उतारावर नाही अशा जागी एक खड्डा. सकाळी जाळीत आलेले सात रोहू त्यात टाकायचे, वर चुना, वर माती. मग पाण्याचा वास घ्यायचा, कालचं खाद्य किती उरलं ते बघायचं, आणि फोन करायच्या आधी लिहायचं: तारीख, मेलेले सात, जखम दोघांना, आभाळ तीन दिवस ढगाळ. महिन्याभरानं दुकानदाराचा सल्ला आणि ही वही शेजारी-शेजारी ठेवली, तर बऱ्याचदा असं दिसेल की मर पावडरीनं नाही, उन्हानं थांबली होती.